मंडळीची पट्टी

चर्चच्या संगीतसेवेची कार्यशाळा ठरली की फोन सुरू होतात. कीबोर्ड कुणाचा आणायचा, माइक किती लागतील, तबल्याला माणूस मिळेल का, दुपारच्या जेवणाचं काय. हे सगळं पाहावंच लागतं. पण पाळकसाहेबांना मी आधी एकच विचारते: रविवारी शेवटच्या बाकावरची माणसं गातात का?

बहुधा उत्तर येतं की आमचा गायनसंघ फार छान गातो. म्हणजे बाकं गप्प आहेत. दिवसाची सारी आखणी मग मी त्या बाकांवरून करते, कारण उपासनेतलं गाणं मंडळीचं असतं. गायनसंघ त्या गाण्याला हात देण्यासाठी उभा असतो.

सुरुवात वाचनाने करते. बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या 25 व्या अध्यायात दावीदाने नेमलेल्या गायक-वादकांची नोंद आहे. आसाफ, हेमान, यदूथून यांची घराणी, वीणा आणि झांजा वाजवणारे, गायनात तयार झालेले सगळे मिळून 288 जण. त्यांच्या सेवेच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. केवढी शिस्त आणि केवढी समता! मग मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26 वा अध्याय काढते. शेवटचं भोजन झालं, पुढे अटक होती, क्रूस होता, आणि जैतुनांच्या डोंगराकडे निघण्याआधी प्रभू आणि शिष्य स्तोत्र गायले. इतिहासातली ती मोठी व्यवस्था आणि भोजनाच्या त्या खोलीतलं हे गाणं, दोन्ही आमची आहेत. तालीम आसाफाच्या घराण्यासारखी कसून करावी, आणि ती अशासाठी करावी की कठीण रात्री साध्या माणसांच्या तोंडी गाणं असावं.

यानंतर पेटी पुढे ओढते. गायनसंघात तयार गळा पुष्कळदा एखाद्या मुलीचा असतो, म्हणून पद काळी चार किंवा काळी पाचला बसवलेलं असतं. तिथे तिचा आवाज खुलतो, पण बाकांवरच्या पुरुषांची कोंडी होते. वरच्या सप्तकात गेले तर अंतऱ्याला मानेच्या शिरा ताणतात. खाली उतरले तर आवाज छातीतच घुटमळतो. मग ते नुसते ओठ हलवतात, आणि काही रविवारांनी तेही थांबतं. लोकांत श्रद्धा उरली नाही, तरुणांना गोडी नाही, अशी चर्चा पुढे कमिटीत होते. पुष्कळदा दोष फक्त पट्टीचा असतो.

म्हणून पेटीवाल्याला मी ध्रुपद राहू दे म्हणते आणि अंतऱ्यातला सगळ्यांत वरचा स्वर आधी वाजवायला सांगते. तो स्वर सगळ्यांनी लावून पाहायचा. ताण पडला की एक पट्टी खाली. पुन्हा लावायचा, पुन्हा खाली. काळी एकच्या आसपास आलो की हॉलमध्ये बदल जाणवू लागतो. मागे हाताची घडी घालून बसलेले काका, ज्यांना मुलांना सोडायला म्हणून यावं लागलेलं असतं, ते गुणगुणू लागतात. शेजारचा त्यांच्याकडे बघतो आणि तोही मिसळतो. त्या मुलीच्या आवाजाची लकाकी थोडी कमी होते, हे खरं. तिला मी जवळ बसवून सांगते, बाळ, ही पट्टी तू दिलीस म्हणून एवढे गळे उघडले. सेवा म्हणतात ती हीच.

ठेक्याचंही असंच. कीबोर्डमधला तयार ताल लावला की पद त्याच्या मागे धावू लागतं. वयस्कर माणसांना ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला जागा राहत नाही. अभंगाला भजनी ठेका का शोभतो, हे मुलांना टाळ हातात देऊन शिकवावं लागतं. टाळ वाजवणारा स्वतः गात असतो, म्हणून श्वास कुठे घ्यायचा हे त्याला कळतं. यंत्राला ते कळत नाही.

दुपारनंतरचं सत्र मला सगळ्यांत प्रिय आहे. त्यात ज्येष्ठांना पुढे बोलावते. घरोघरच्या भजनाच्या पुस्तकात पुष्कळदा नुसते शब्द असतात. चाल कानातून कानात येते. एकाच पदाची चाल नगरकडे वेगळी, मराठवाड्यात वेगळी, मुंबईच्या मंडळीत आणखी वेगळी ऐकू येते. एखादी आजी उभी राहते, पदर सारखा करते, पुस्तक बाजूला ठेवते आणि डोळे मिटून पाचही कडवी म्हणते. मुलं मोबाइल धरून ते टिपून घेतात. नंतर एकेक ओळ ती म्हणते आणि सगळे मागून म्हणतात. खांद्यावर गिटार असलेला मुलगा तिला विचारतो, "आजी, ही जागा पुन्हा घेता का?" ती पुन्हा घेते. चाल एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती अशी, समोरासमोर.

ही आपली परंपरा लहान नाही, हे तरुणांना सांगताना मला भरून येतं. मूळच्या इंग्लंडच्या आणि 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली, आणि त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. मराठीला त्यांनी जीव लावला आणि तिच्या अंगच्या छंदात शुभवर्तमान सांगितलं. नगर भागात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तन आणि पदं ख्रिस्ती उपासनेत रुजवली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबांचा अभंग येशूच्या चरणी वाहिला, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाव दिला, आणि वसईच्या धर्मग्रामांतही मिस्सेतली गीतं मराठीत घुमू लागली. एवढा वारसा असताना आपल्या मुलांनी दुसऱ्यांच्या गाण्यांच्या नकलांवरच का भागवावं? नवी गाणी जरूर यावीत. मराठी शब्दांचा आघात सांभाळून, आधी नुसतं वाचून, अर्थ बोलून मग ती गावीत. जे वाचताना अडखळतं ते गाताना मंडळीला कधीच आपलं वाटत नाही.

शेवटी उपासनेचं वर्ष फळ्यावर मांडते. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा रविवार, पेंटेकॉस्ट. प्रत्येक काळासाठी चार पदं ठरवायची: दोन सगळ्यांना पाठ असलेली, एक जुनं विसरलेलं, एक नवं. नवं पद गायनसंघाने आधी म्हणायचं, पुढच्या रविवारी मंडळीने ध्रुपद उचलायचं, मग पूर्ण पद. उपवासकाळात वाद्यं कमी ठेवायची, म्हणजे पुनरुत्थानाच्या सकाळी ढोलकी आणि झांजांना अर्थ येतो.

या आखणीत एक दिवस मांडता येत नाही, आणि माझी सगळी खटपट त्याच्यासाठी असते. मंडळीतलं कुणीतरी जातं. कबरस्थानात कीबोर्ड नसतो, माइक नसतो, फळ्यावरची यादी नसते. गायनसंघातली निम्मी मुलं पुण्या-मुंबईला कामावर असतात. तिथे जमलेल्यांना जे तोंडपाठ आहे तेवढंच गाणं असतं. ज्या मंडळीला वर्षभर नुसतं ऐकवलं गेलं, तिला त्या दिवशी पहिल्या ओळीपुढे जाता येत नाही. जिला गायला शिकवलं, ती रडत रडतही पाचवं कडवं गाठते, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला त्या आवाजाचा आधार मिळतो.

म्हणून कार्यशाळेचा हिशेब मी मंचावरच्या सादरीकरणात धरत नाही. त्या मंडळीने पट्टी उतरवली का, आजीची चाल शिकणारं कुणी उभं राहिलं का, पेटीपाशी एखादं लहान मूल रोज बसू लागलं का, हे सहा महिन्यांनी विचारते. देवाने गळा प्रत्येकाला दिला आहे, आणि तो रविवारी उघडावा एवढी सोय करणं हेच आम्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं नेमलेलं काम आहे.