बाजार उठला, जत्रा उरली

लॉस एंजेलिस येथे मे १९९५मध्ये ‘ई-थ्री’ हे व्हिडिओ गेमचे प्रदर्शन प्रथम भरले, तेव्हा मिठागरांच्या शेजारी शांतीनगरसारख्या वसाहतींनी मुंबईलगतचे मीरा रोड भरत चालले होते, आणि तिथल्या मुलांच्या हाती टीव्हीला जोडायची, जपानी यंत्रांची नक्कल असलेली खेळणी होती, ज्यांच्या कॅसेटवर हजारो खेळांचा दावा असे आणि आत मोजकेच खेळ नावे बदलून फिरत. ई-थ्री हे व्यापारी प्रदर्शन होते, म्हणजे कंपन्या तिथे आगामी माल दुकानदारांना व पत्रकारांना दाखवत आणि सामान्य खेळाडूला दार बंद असे. पहिल्याच वर्षी सेगाने आपले नवे यंत्र ३९९ डॉलरला जाहीर केले, आणि त्याच दिवशी सोनीच्या प्रतिनिधीने मंचावर येऊन केवळ ‘२९९’ एवढेच उच्चारून सेगाची हवा काढली. मीरा रोडला अशा गोष्टी कळत त्या संगणक-मासिकांतून आणि त्यांच्यासोबतच्या सीडीतून, कित्येक आठवड्यांनी. हा उशीर हेच अशा प्रदर्शनांचे खरे भांडवल होते आणि इंटरनेटने ते बुडवले.

निन्टेन्डोने २०११मध्ये थेट प्रेक्षकांसाठी स्वतःचे व्हिडिओ कार्यक्रम सुरू केले आणि २०१९मध्ये सोनी ई-थ्रीकडे फिरकलीच नाही. घरबसल्या गिऱ्हाईक मिळत असता महागडा गाळा कशाला घ्यायचा, हा हिशेब कोणत्याही किराणा दुकानदाराला पटावा. त्याआधी २०१७मध्ये ई-थ्रीने सर्वसामान्यांना १५,००० तिकिटे विकून पाहिली, पण व्यापाऱ्यांसाठी आखलेल्या दालनांत नुसती कोंडी झाली. पुढे कोविड आला, आणि डिसेंबर २०२३मध्ये ई-थ्री कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले.

मुंबईत हे प्रकरण उलटे घडले, कारण इथे आधी आली ती जत्राच. मीरा रोडहून लोकलने पाचवे स्थानक असलेल्या गोरेगावला, एरवी यंत्रसामग्रीची प्रदर्शने भरतात त्या नेस्को संकुलात, कॉमिक कॉन हा कॉमिक्स-चाहत्यांचा मेळावा भरला आणि डिसेंबर २०१८मध्ये मूळचा स्वीडनचा ‘ड्रीमहॅक’ हा गेमिंग-उत्सव. नव्वदच्या दशकातली मुले एव्हाना पगारदार होऊन स्वतःच्या पैशाने तिकीट काढू लागली होती. अशा ठिकाणी घामट तळव्यांतून फिरणारा कंट्रोलर, घड्याळाकडे पाहणारा स्वयंसेवक आणि ‘भाई, बस एक मॅच’ म्हणून खुर्ची न सोडणारा खेळाडू हाच मुख्य देखावा असतो, आणि मालाची मागणी नोंदवायला तिथे कोणी आलेले नसते. ड्रीमहॅक भारतात आणणाऱ्या नॉडविन कंपनीने जानेवारी २०२४मध्ये, म्हणजे ई-थ्री मिटल्यावर महिन्याभरातच, कॉमिक कॉन इंडिया विकत घेतली. या सौद्यात मोल होते ते तिकीट काढून येणाऱ्या गर्दीचे.