हाडांची फौज आणि पिठाचा कोंबडा



मागच्या महिन्यात स्वाध्यायाला जमलो होतो तेव्हा मुलांच्या गेमचा विषय निघाला आणि लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, "खेळच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" दुसरी म्हणाली, "मुंगी दिसली तर पाय बाजूला ठेव म्हणून शिकवायचं आणि संध्याकाळी त्याच पोराच्या हातात तलवार द्यायची, हे कसं?" दोघींच्या बोलण्यात तथ्य होतं. पण त्यांच्यापैकी कुणीच एखादा गेम शेजारी बसून पाहिलेला नव्हता. मी पाहिलाय. सलग पाच संध्याकाळी, सासूबाईंसोबत. बसावं लागलं, त्याला कारणही तसंच होतं.

आमच्या थोरलीने अ‍ॅनिमेशनचं शिक्षण पुरं केलं आणि पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीकडून तिला बोलावणं आलं. चाचणी म्हणून चित्र काढायला दिलं होतं, कबरीतून उठलेल्या सैनिकाचं. ते त्यांना पसंत पडलं. कंपनीच्या नव्या गेममध्ये मेलेल्यांचं सैन्य आहे आणि हिला त्याच कामासाठी घ्यायचं होतं. पगार चांगला, उत्तर द्यायला आठ दिवस. ऐन दिवाळीत ती घरी आली आणि म्हणाली, "आज्जी नको म्हणाली तर मी जाणार नाही. पण न बघता नको म्हणायचं नाही."

आता आज्जी म्हणजे आमच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, चौमासात एकभुक्त, पाण्याचं गाळणं अजून स्वतःच्या हाताने धुणार. त्या म्हणाल्या, "दाखव."

संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळ मोठी असते. हॉलमधल्या टेबलावर थोरलीने कॉम्प्युटर लावला. चाचणीच्या आधी अभ्यास म्हणून ती जो गेम खेळली होती, तोच दाखवायला घेतला. नाव 'इरेटस: लॉर्ड ऑफ द डेड'. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या 'अनफ्रोझन' नावाच्या कंपनीने तो बनवलाय आणि जर्मनीच्या 'डेडॅलिक'ने प्रसिद्ध केलाय. पूर्ण रूपात तो आला २३ एप्रिल २०२० ला, म्हणजे आपण सगळे घरात कोंडलेले होतो तेव्हा.

गोष्ट अशी. इरेटस नावाचा एक मांत्रिक शतकानुशतकं जमिनीखाली कैद असतो. तो सुटतो आणि त्याला जग जिंकायचं असतं. खेळणारा म्हणजेच तो मांत्रिक. मेलेल्यांच्या हाडामांसातून तो आपले सैनिक घडवतो. सांगाडे, प्रेतं, किंचाळणारी भुतं, रक्तपिपासू पिशाच्चं. त्यातले चार-चार जण घेऊन तो भुयारातून एकेक मजला वर चढतो. वाटेत जी जिवंत माणसं, बुटके, काळे एल्फ आडवे येतात, त्यांच्याशी लढतो. लढाई धावपळीची नाही, बुद्धिबळासारखी आहे. आधी एकाची खेळी, मग दुसऱ्याची. कुणाला पुढे ठेवायचं, कुणाला मागे, कुणाचा घाव कुठवर पोचतो, याचा हिशेब करत बसायचं.

लढाई जिंकली की पडलेल्यांचे अवशेष गोळा होतात. कवटी, हाडं, मांस, असं सगळं. त्यातून पुढचा सैनिक शिवायचा. ते पडद्यावर खणाखणांतून मांडलेलं पाहून मला, खरं सांगते, आपली उन्हाळ्यातली साठवण आठवली. कुठल्या डब्यात काय आणि किती उरलंय, आज काय वापरायचं आणि काय पुढच्यासाठी राखायचं. काटकसर शिकावी तर या मांत्रिकाकडून! एक सैनिक पडला की तो कायमचा गेला. खेळ आपला आपणच नोंद करत जातो, त्यामुळे चुकलेली खेळी मागे घ्यायची सोय नाही. सासूबाईंना एवढी गोष्ट आवडली. "हे बरंय. केलेलं कर्म पुसता येत नाही."

पहिल्या दिवशी थोरलीचा मुख्य मुद्दा होता तो असा: "आज्जी, हे सैनिक आधीच मेलेत. त्यांच्यात जीवच नाही. मग मी हिंसा कुणाची करते?"

इथे आपलं तत्त्वज्ञान अगदी स्पष्ट आहे. आयुष्य संपलं की जीव क्षणभरही त्या देहात रेंगाळत नाही. काही समयांतच नव्या जन्मस्थानी पोचतो. मागे उरतं ते पुद्गल. हाडं जोडली म्हणून त्यात तो जीव परत येत नाही, कुणाच्या मंत्राने येत नाही. भूत आणि पिशाच हे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते व्यंतर देवांच्या आठ प्रकारांतले दोन प्रकार, मेलेल्या माणसाची लटकलेली सावली नव्हे. तेव्हा असं सैन्य जैन विचारात उभंच राहू शकत नाही. त्याच सकाळी आम्ही मंदिरात निर्वाणलाडू चढवून आलो होतो. ज्या दिवशी महावीर स्वामींनी देहाचं बंधन कायमचं सोडलं, त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये देहाचे तुकडे जोडणं चाललं होतं. मला ते बोचलं. पण मुलीला मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तिचा प्रश्न अजून संपला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी आमचे हे येऊन बसले. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर असताना हे १९९९ साली आलेला 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'चा तिसरा भाग खेळायचे, हे मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर कळलं. त्यात 'नेक्रोपोलिस' नावाचं मेलेल्यांचं नगर होतं. लढाईत शत्रू पडले की त्यातले काही सांगाडे होऊन आपल्याच फौजेत उभे राहायचे. प्रेतांना भीती नाही की उत्साह नाही. पण जिवंत सैनिकांच्या शेजारी प्रेतं उभी केली की जिवंतांचं मनोधैर्य खचायचं. हे सांगताना यांचा चेहरा वीस वर्षांच्या पोरासारखा झाला होता. थोरली म्हणाली, "बाबा, इरेटस बनवणारी मंडळीच आता त्या मालिकेचा 'ओल्डन एरा' नावाचा नवा भाग करतायत. २०२४ मध्ये जाहीर झालाय." बापलेक तासभर त्यावरच बोलत बसले. सासूबाई जपमाळ ओढत ऐकत होत्या.

मग थोरलीने आपला दुसरा मुद्दा काढला. "आज्जी, तू सोंगट्या खेळायचीस. 'मारली, मारली' म्हणून ओरडायचीस. बुद्धिबळात तर हत्ती-घोडे मारतात. ते चालतं, मग हे का नाही?"

सासूबाईंनी तिला पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. आपल्यातल्या बहुतेकींनी ती ऐकली असेल. राजा यशोधराला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. त्याला जीवहिंसा करायची नसते. शेवटी आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून तो कापतात. रक्ताचा थेंब नाही, प्राण्याचा जीव गेला नाही. तरी त्या एका कृत्यापायी मायलेक मोर, कुत्रा अशा तिर्यंचगतीच्या जन्मांमागून जन्म फिरत राहिले. सोमदेवसूरींनी ९५९ साली संस्कृतात ती 'यशस्तिलक'मध्ये लिहिली, जन्न कवीने १२०९ साली कन्नडमध्ये. हजार वर्षं आपण ती मुलांना सांगतोय, कारण भावहिंसा समजावायला तिच्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही.

थोरली गप्प झाली. मग म्हणाली, "पण आज्जी, त्यांनी तो कोंबडाच समजून कापला. हा मेला की मला फळ मिळेल, असा संकल्प होता. माझा संकल्प कोडं सोडवायचा आहे. मी माणूस मारतेय असं माझ्या मनात येतच नाही."

मैत्रिणींनो, हे उत्तर मला विचार करायला लावणारं वाटलं. संकल्पावर हिंसा ठरते हे आपणच तिला पाठशाळेत शिकवलं. तीच फूटपट्टी ती आपल्यापुढे धरत होती.

निकाल लागला तो चौथ्या संध्याकाळी, आणि तो खेळातल्याच एका गोष्टीवर लागला. या गेममध्ये शत्रूला दोन बाजूंनी मोजतात. एक त्याचं शरीर, दुसरं त्याचं मन. घाव शरीरावर घालता येतो, तसा मनावरही घालता येतो. तुमची भुतं किंचाळून, अंगावर येऊन समोरच्याला घाबरवतात. मन पुरतं खचलं की तो भ्रमिष्टासारखा वागतो, कुणी पळ काढतो, कुणी भीतीनेच जागच्या जागी मरतो. आपल्या सैनिकांना मात्र भीती नाही, ते मेलेलेच. आणि हे सगळं चालू असताना तो मांत्रिक स्वतः बोलत असतो. टोमणे मारतो, समोरच्याच्या हालांवर खूश होतो. थोरली म्हणाली, "इरेटस या लॅटिन शब्दाचा अर्थच रागावलेला." त्याच्या सैनिकांना खास डावपेचांसाठी जी शक्ती लागते, तिचंही नाव क्रोध. चार कषायांतला पहिला कषाय तिथे साठवून ठेवतात आणि लागेल तसा खर्च करतात!

एक सैनिक भीतीने कोसळला तेव्हा मांत्रिक काहीतरी बोलला आणि थोरली हसली. सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "थांब. आत्ता हसलीस ते कशाला? डाव बरोबर पडला म्हणून, का तो भ्यायला म्हणून?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. ही पोरगी वादात कधी हरत नाही, पण खोटंही बोलत नाही. "दोन्ही," ती म्हणाली.

"सोंगटी भीत नाही बाळा. म्हणून सोंगटी मारताना आनंद डावाचाच असतो."

रौद्रध्यानाच्या चार प्रकारांत पहिला हिंसानंद. दुसऱ्याच्या दुःखात, भयात रस घेणं. मी ही यादी किती वेळा वाचलीय, पण तो शब्द इतका नेमका कशाला लागू पडतो ते मला त्या हॉलमध्ये दिसलं. अनर्थदंडात अपध्यान येतं तेही हेच. कुणाचा घात व्हावा, कुणी बांधला जावा, असं विनाकारण मनात घोळवत बसणं.

थोरलीकडे अजून एक प्रश्न होता आणि तो सगळ्यात अवघड होता. "मंदिरात नरकाची चित्रं आहेत. करवतीने कापतायत, तेलात तळतायत. ती काढणाऱ्याला पाप लागलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "ते बघून माणूस भितो, स्वतःला आवरतो. तुझं चित्र बघून माणूस काय करेल, ते तुला ठाऊक. मला नाही."

त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. श्रावकाने कुठले धंदे टाळावेत याची पंधरा कर्मादानांची यादी आहे. त्यात विष आहे, हस्तिदंत आहे, लाख आहे. चित्रात काढलेली हाडं नाहीत, कारण तेव्हा हा धंदाच नव्हता. यादीत नाव सापडत नाही तेव्हा विवेक वापरावा लागतो, आणि तो ज्याचा त्याने वापरायचा असतो.

थोरलीने कंपनीला फोन करून विचारलं, माझ्याकडे नक्की कुठलं काम येणार? दोन विभाग आहेत, असं कळलं. एक पात्रांचा आणि त्यांच्या मरणाच्या हालचालींचा. दुसरा गुहा, भिंती, कबरी, उजेड-अंधार यांचा. तिने दुसरा मागितला. सध्या देतो म्हणाले, पुढचं वचन दिलं नाही. ती रुजू झाली. पुढे पहिल्या विभागात टाकलं तर काय करणार, असं मी विचारलं. "तेव्हा घरी फोन करीन," म्हणाली. सासूबाईंनी तिच्यासोबत दशम्यांचा डबा दिला आणि गाळणं दिलं.

माझं मन पूर्ण निवांत आहे असं मी म्हणणार नाही. भिंत रंगवणाराही त्याच घराचा असतो, हे मलाही कळतं. पण "असलं काही बघायचं नाही" म्हणून कॉम्प्युटर बंद केला असता तर ती गेलीच असती, फक्त आम्हाला न विचारता.

म्हणून तुम्हाला एवढंच सुचवते. मुलगा किंवा मुलगी काही खेळत असेल तर एक संध्याकाळ शेजारी बसा. रागावायला नको, पाहायला बसा. खेळाचं नाव, रक्ताचा रंग, भुतांचे चेहरे यावरून काही ठरत नाही. समोरच्याचं भय खेळात कुठे येतं ते बघा, आणि आपलं मूल कुठल्या क्षणी हसतं ते बघा. मग शांतपणे विचारा, "कशाला हसलास?" उत्तर त्याला आपल्यापुढे देता आलं नाही तरी चालेल. तो प्रश्न त्याच्याजवळ राहील.

आमच्याकडे धाकटा नववीत आहे. तो सध्या क्रिकेटचा गेम खेळतो. काल समोरच्याचा फलंदाज जखमी होऊन बाहेर गेला तेव्हा तो ओरडला, आणि मग स्वतःच माझ्याकडे वळून म्हणाला, "डावासाठी, आई."