गाडीच्या कपाळावरचे बाशिंग

#थ्रेड #इतिहास

१/ टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात राहणाऱ्या एका मराठी अभियंत्यापुढे एप्रिलअखेर एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न उभा राहिला. कर्जाचा शेवटचा हप्ता फेडून नुकत्याच स्वतःच्या झालेल्या पिकअप ट्रकला ‘हूड डिफ्लेक्टर’ बसवावा की नाही? या प्रश्नामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा हा मागोवा.

२/ अमेरिकेत हूड म्हणजे आपले बॉनेट. त्याच्या पुढच्या कडेवर बसणारी, धुरकट प्लास्टिकची, वरच्या अंगाला वळलेली पट्टी म्हणजे डिफ्लेक्टर. नवरदेवाच्या कपाळावर बाशिंग शोभावे तशी ती ट्रकवर दिसते. समोरचा वारा तिने वर उचलावा, त्यासोबत किडे काचेवरून निघून जावेत आणि कडेचा रंग वाचावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

३/ निकड मे महिन्याची होती. भारतातून वडील आले होते. सारी नोकरी एस.टी.च्या चालकाच्या आसनावर काढून ते निवृत्त झाले होते. त्यांना घेऊन मुलगा फ्लोरिडातील पेन्साकोलाला जाणार होता. अंतर सुमारे ८४० किलोमीटर, वाट मेक्सिकोच्या आखाताच्या कडेकडेने. आणि मे महिना म्हणजे तिथे ‘लव्हबग’ नावाच्या किड्याचा हंगाम.

४/ मुलाने डिफ्लेक्टरचे चित्र दाखवले. वडिलांनी चष्मा पुसून ते नीट पाहिले आणि एवढेच विचारले, “अरे, पण समोरून नक्की येणार काय आहे?” गाडीच्या तोंडावर काही बांधण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हाच. प्रत्येक काळाने त्याचे उत्तर वेगळे दिले आहे.

५/ घोडागाडीच्या काळात समोरून यायचा तो चिखल, आणि तोही आपल्याच घोड्यांच्या टापांनी उडवलेला. तो अंगावर येऊ नये म्हणून चालकापुढे लाकडाची किंवा चामड्याची आडवी फळी बसवत. तिचे नाव डॅशबोर्ड. घोडे गेले, चिखल गेला, फळीचे नाव तेवढे मोटारीत राहिले. आज त्यावर वेगाचा काटा असतो.

६/ रेल्वे आली तेव्हा समोरून गाय येऊ लागली. इंग्लंडमध्ये बांधलेले ‘जॉन बुल’ हे इंजिन १८३१ मध्ये सुट्या भागांच्या रूपात अमेरिकेत पोहोचले. आयझॅक ड्रिप्स या तरुण यंत्रज्ञाने ते जोडून उभे केले. पुढे त्याच्या तोंडाशी जास्तीची चाके आणि पाचरीसारखा सांगाडा बसवला गेला. हाच अमेरिकेतील आरंभीचा ‘काउकॅचर’.

७/ ब्रिटनमध्ये लोहमार्गांना दुतर्फा कुंपण घालण्याची रीत होती. अमेरिकेत रूळ मोकळ्या माळरानातून धावत आणि गुरे रुळांवर चरत. कुंपणाचा खर्च टाळला गेला आणि त्याची भरपाई इंजिनाच्या तोंडाशी लोखंड लावून झाली. नाव ‘गाय पकडणारा’ असले तरी त्याचे काम गायीला बाजूला फेकण्याचे होते. त्यातून वाचायचे ते इंजिन.

८/ मोटारीच्या आरंभकाळात भीती समोरची नव्हती, आतली होती: इंजिन तापण्याची. १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या टोपणावर बसणारे ‘बॉइस मोटोमीटर’ हे तापमापक आले. चालकाला ते आसनावरून वाचता येई. पुढे तापमानाचा काटा डॅशबोर्डवर गेला. टोपणावरची जागा मात्र रिकामी राहिली नाही; तिथे शोभेच्या मूर्ती विराजमान झाल्या. गरज सरली तरी सवय अशी मागे राहते.

९/ भारतातील उदाहरण ताजे आहे. मोटारींच्या पुढे लोखंडी ‘बुल बार’ लावण्याची हौस इतकी वाढली की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले. आधार होता मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा. त्या लोखंडाने गाडीचा पत्रा वाचतो, पण पादचाऱ्याला बसणारा मार अधिक जीवघेणा होतो. काउकॅचरचाच हिशेब, फक्त गायीच्या जागी माणूस.

१०/ वडिलांच्या एस.टी.ला यातले काहीच नव्हते. पुढे लिंबू-मिरची असे आणि खंडेनवमीला झेंडूचा हार. त्या काळाच्या मते समोरून येणारे मोठे संकट म्हणजे दृष्ट. त्यावर हसण्याचे कारण नाही. तोही समोरून काय येईल याचाच अंदाज होता, आणि त्या उपायाने कोणाला इजा होत नव्हती.

११/ आता लव्हबगकडे वळू. ही काळी, पाठीवर तांबूस ठिपका असलेली लहानशी माशी. नर-मादी जोडीनेच उडतात, म्हणून हे नाव. १९४० मध्ये डी. ई. हार्डी या कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते गॅल्व्हेस्टनच्या नमुन्यांवरून. गॅल्व्हेस्टन ह्यूस्टनपासून तासाभराच्या वाटेवर आहे.

१२/ तिथून ही माशी आखाताच्या काठाने पूर्वेकडे सरकत गेली. १९४९ मध्ये ती फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला, एस्कॅम्बिया काउंटीत सापडली. पेन्साकोला त्याच काउंटीत आहे. म्हणजे बापलेक ज्या वाटेने निघणार होते, ती माशीचीच जुनी वाट. फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ही माशी प्रयोगशाळेत घडवली, ही दंतकथा आजही ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही.

१३/ तिच्या अळ्या कुजणाऱ्या गवतावर वाढतात, आणि महामार्गाच्या कडेला कापलेले गवत सतत कुजत पडलेले असते. उन्हातील अतिनील किरणांची प्रक्रिया झालेल्या मोटारींच्या धुराकडे ती ओढली जाते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. रस्त्यानेच तिला पोसावे, रस्त्यानेच तिला बोलवावे आणि मग रस्त्यावरच्या गाडीने तिच्यापासून बचावाची पट्टी विकत घ्यावी, असा हा फेरा आहे.

१४/ तिची भीती निराधार नव्हे. काचेवर आणि बॉनेटवर चिरडलेले अवशेष दिवसभर उन्हात राहिले की आम्लधर्मी होतात. जुन्या मोटारींच्या रंगावर त्यांचे कायमचे डाग आणि खळगे पडत. आजचे रंग पुष्कळ टणक आहेत. शिवाय अवशेष ताजे असतानाच पाण्याने भिजवून पुसले, तर फारसे काही बिघडत नाही.

१५/ पट्टी काम कसे करते, हे समजायला खळ्यावरची उफणणी आठवावी. वावडीवरून सोडलेल्या धान्यातला भुसा वाऱ्याबरोबर जातो, दाणा सरळ खाली पडतो. बॉनेटवरून वर चढणाऱ्या हवेतही हलका किडा वळतो, जड भुंगा वळत नाही, खडा तर मुळीच नाही. वेग वाढला की हलक्या किड्यालाही वळायला सवड उरत नाही.

१६/ म्हणजे खड्यांपासून पट्टी वाचवते ती फक्त स्वतःखाली झाकलेली चार बोटे जागा. तिच्या फटीत धूळ साचून ती वाऱ्याने थरथरत राहिली, तर त्या जागेचा रंगही घासला जातो. खड्यांवरचा उपाय निराळा आहे: रंगावर चिकटवण्याची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. तिचे मूळ व्हिएतनाम युद्धात. हेलिकॉप्टरची पाती वाळूपासून वाचवण्यासाठी ती वापरात आली.

१७/ आता या इतिहासाची दुसरी बाजू. जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी कीटक-अभ्यासकांची संस्था १९०५ ची. तिच्या सभासदांनी १९८९ पासून ६३ संरक्षित ठिकाणी सापळे लावून पकडलेले किडे तोलून नोंदवले. २०१७ मध्ये त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले होते.

१८/ डेन्मार्कमध्ये एक संशोधक १९९७ ते २०१७ अशी सलग वर्षे ठरावीक रस्त्यांवरून मोटार चालवून काचेवर चिरडलेले किडे मोजत राहिला. त्याच्या दोन मार्गांपैकी एकावर घट ८० टक्के, दुसऱ्यावर ९७ टक्के. मोटारीची काच हे इतिहासाचे साधन होऊ शकते, हे अशा नोंदींनी दाखवले. ती काच रोज पुसली जाते, म्हणून कोणी नोंद केली नाही तर साधनही नाहीसे होते.

१९/ मुलाने हिशेब मांडला. लव्हबगचे हंगाम वर्षात दोन, मे आणि सप्टेंबरमध्ये, प्रत्येकी सुमारे चार आठवड्यांचे. ती उडते ती फक्त दिवसा, ऊन चढल्यावर. म्हणजे पट्टी बारा महिने मिरवायची आणि तिची गरज दोन महिने, तीही भरदुपारी. रोज दिवसा आखाताकाठी लांब पल्ला गाठणाऱ्या ट्रकचालकाचे उत्तर वेगळे असू शकेल. मुलाने पट्टी घेतली नाही. पहाटे चारला निघायचे ठरले.

२०/ उजाडेपर्यंत काच स्वच्छ होती. लुईझियानाच्या दलदलीवरचा लांबलचक पूल मागे पडला. पुढे ऊन चढले तसे एक-एक काळे ठिपके येऊ लागले आणि मिसिसिपीत शिरेपर्यंत समोरचा रस्ता धूसर झाला. मुलाने पेट्रोल पंपावर गाडी घेतली. तिथे पाण्याची बादली आणि लांब दांड्याचा काच पुसणा ठेवलेला होता, अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर असतो तसा.

२१/ “बाबा, तुम्ही बसा, मी करतो,” असे मुलगा म्हणेपर्यंत वडिलांनी पुसणा उचललाही होता. आधी काच पूर्ण भिजवायची, थोडे थांबायचे, मग एकाच दिशेने ओढायचे: हात जुनी कामगिरी विसरला नव्हता. मराठवाड्यात पहिल्या पावसाच्या रात्री दिव्यांवर पंखवाल्या वाळवीचे थवे येत आणि प्रत्येक थांब्यावर काच पुसावी लागे, हे त्यांनी पुसता पुसता सांगितले.

२२/ मग ते म्हणाले, “शेवटच्या वर्षांत मी फडकं जवळ ठेवायचंच सोडलं होतं. वाटायचं, गाडीच्या काचा चांगल्या आल्यात.” मुलगा काही बोलला नाही. ही एका चालकाची आठवण आहे, शास्त्रीय नोंद नव्हे; तशी नोंद त्या रस्त्यांवर त्यांनी ठेवली नव्हती. बॉनेटची कडही पुसून झाल्यावर वडिलांनी पुसणा स्वच्छ धुऊन बादलीत उभा ठेवला आणि गाडी पुन्हा पूर्वेकडे निघाली.

(समाप्त)