शेवटासकट बघ

चि. सोनूस,


तू पाठवलेली ‘जाने भी दो यारो’ची क्लिप काल रात्री बघितली. महाभारताचं नाटक चाललंय, कमिशनर डिमेलोच्या प्रेताला द्रौपदीची साडी नेसवलीय आणि ते पळवायला सगळे रंगमंचावर घुसलेत. खाली तू लिहिलंस, ‘आत्या, हसून हसून मेले.’ मीही हसले गं. पण क्लिप संपली आणि जिवाला रुखरुख लागली, म्हणून हे पत्र.

कुंदन शाह यांचा हा पहिलाच सिनेमा, १९८३चा. एनएफडीसीच्या पैशातून, सात लाखांच्या आत केलेला. आम्ही तो नंतर दूरदर्शनवर बघितला, लालबागच्या चाळीत, शेजाऱ्यांच्या खोलीत. तुझे बाबा उंबऱ्यावर, मी चपलांच्या ढिगाशेजारी. तुझ्या आजोबांची, अण्णांची गिरणी १९८२च्या संपात बंद पडली ती पडलीच. घरात हसू असं उरलंच नव्हतं. दारू प्यायलेला ओम पुरी शवपेटीला नादुरुस्त मोटार समजतो, आतल्या मेलेल्या माणसाशी गप्पा मारतो, तेव्हा मात्र अण्णा सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत हसले.

आमच्या चाळीत कुणी गेलं की मजल्यावरचे रेडिओ बंद व्हायचे, त्या घरी शेजारून पिठलंभात जायचा. तीच माणसं प्रेताच्या फरफटीवर पोट धरून हसत होती, कारण डिमेलो त्यांच्या ओळखीचा होता. जिवंतपणी पैसे खाणारा साहेब, आणि मेल्यावर पुलाला त्याचंच नाव! सिमेंटच्या प्रकरणात राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं, त्याला फार वर्षं झाली नव्हती. सगळ्यात चटका लावला भक्ती बर्वेंनी. नाटकातली आपली फुलराणी इथे संपादक झालीय म्हटल्यावर बायकांना वाटलं, आता सिनेमातल्या त्या दोन फोटोग्राफर पोरांना न्याय मिळणार. आणि तीच त्यांच्या फोटोंचा सौदा करायला बसते. ‘अगं बाई, हीसुद्धा?’ असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं, ते अजून कानात आहे.

तुझ्या क्लिपमध्ये शेवट नाही. पूल कोसळतो आणि खापर फुटतं त्या दोन फोटोग्राफरांवर, नसीरुद्दीन आणि रवी बासवानीवर. कैद्यांच्या कपड्यांत दोघं भर रस्त्यातून चालत येतात, मागे शाळेत सगळ्यांनी म्हटलेलं ते आशेचं गाणं वाजत असतं, आणि आपल्याकडे वळून दोघं गळ्यावरून हात फिरवतात. खोली चिडीचूप झाली. अण्णा उठून गॅलरीत गेले, कठडा धरून उभे राहिले. समोर गिरणीची बिनधुराची चिमणी.

आता तिथे टॉवर आहे. मार्च २०१९मध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, माणसं गेली, त्या रात्री मला या सिनेमातला एकही विनोद आठवला नाही. आठवली ती अण्णांची पाठ.

तुम्हा पोरांना दोष देत नाही. पण आमच्या हसण्यात राग होता, सोनू. हल्ली आपण आधीच ‘असंच चालायचं’ म्हणून टाकतो आणि मग हसतो, मीसुद्धा. म्हणून तो सिनेमा तुकड्यातुकड्यांनी बघायला सोपा जातो आणि सलग बघायला जड.

रविवारी ये, पूर्ण बघू. बाबांनाही घेऊन ये. त्या रात्रीनंतर त्यांनी तो पुन्हा कधी लावू दिला नाही.

तुझी
आत्या