मोहाडीचा माणूस दुबईत

मोहाडीत रोवणीचे दिवस म्हणजे पायाखाली चिखल आणि डोक्यावर पाऊस. त्याच दिवसांत मी वेल्डिंगच्या कामावर दुबईला पोहोचलो, तर आकाशात ढगाचा पत्ता नाही! ऊन असे, की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करवून घ्यायला तेथे कायद्यानेच बंदी आहे.

एका खोलीत आम्ही आठ जण, एकावर एक खाटा. भाषेची काळजी करू नका, हिंदीवर भागते. घड्याळ मात्र आपल्यापेक्षा दीड तास मागे. घरी फोन लावावा तर आई झोपलेली.

पहिले पंधरा दिवस मला जेवण गेले नाही. मग सुटीच्या दिवशी खाडीवर गेलो. देरा भागातून लाकडी होडीने एका दिरहमात बर दुबईला उतरलो. तिथल्या बाजारात तुरीची डाळ, मिरची, पोहे, सगळे मिळाले. भात रांधला. चिन्नोरचा वास नव्हता त्याला, पण पोटभर जेवलो आणि त्या रात्री झोप लागली.

तुमच्या घरचे कोणी निघाले असेल, तर व्हिसा कामाचा की नुसता भेटीचा, हे आधी वाचून घ्या. भेटीच्या व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा आहे. शेजारच्या खोलीतला एक जण तसाच आला होता, दीड एकर धानाची बांधी गहाण टाकून. मजुरी बुडाली, तरी तक्रार करायची सोय नाही. खाडीवर चल म्हटले, तर पोलिसांच्या भीतीने तो दाराबाहेर येत नसे.