घंटेआधीची पंधरा मिनिटं

वर्कशॉपमधली मला सर्वांत आवडणारी वेळ म्हणजे प्रॅक्टिकल संपण्याआधीची पंधरा मिनिटं. एकेक लेथ बंद होत जाते. मोटरींचा एकजीव घोष विरळ होतो आणि दुपारभर ऐकूच न आलेला छताचा पंखा कुरकुरताना कानी येतो. मग ब्रशांचा आवाज सुरू होतो. बेडवरून चिपा खाली ट्रेमध्ये ओढल्या जातात. पोलादाच्या निळसर, पिळदार, लांबच लांब चिपा, आणि बिडाचा तो काळा भुगा, जो बोटांच्या रेषांत जाऊन बसतो आणि साबणालाही लवकर दाद देत नाही. कुणी हूकने चिपांचं जंजाळ सोडवतं, कुणी कॉटन वेस्टने कॅरेज पुसतं, कुणी बेडवर तेलाचा पातळ हात फिरवतं. हवेत दुधाळ कूलंटचा आंबूस वास असतो. कालपरवा बारावी झालेली मुलं-मुली लोखंडावर इतक्या मायेने फडकं फिरवताना पाहिली की मला फार बरं वाटतं.

आयटीआय असो, पॉलिटेक्निक असो की इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कात्री लागते ती आधी या पंधरा मिनिटांनाच. बॅच उशिरा आली, जॉब अपुरा राहिला, जर्नलवर सही घ्यायची आहे. मग आवराआवर मामांवर सोडून सगळे बसस्टॉपकडे पळतात. मला वाटतं, ही पंधरा मिनिटं गेली की सुरक्षिततेचं शिक्षणही त्यांच्याबरोबर गेलं. भिंतीवर फलक लावून ते परत येत नाही.

चकच्या चावीचंच पाहा. जॉब चकमध्ये आवळायचा, चावी काढायची, जागेवर ठेवायची आणि मग मशीन सुरू करायचं. ही चावी चकमध्येच राहिली आणि कुणी स्विच दाबला, तर ती सुटते. कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. चांगल्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक फळी असते. तिच्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते आणि हत्यार त्या आकृतीवर टांगायचं असतं. चावी जागेवर नसेल तर तिची रिकामी आकृती दुरूनही दिसते. लेथ सुरू करण्याआधी नजर एकदा त्या फळीकडे गेली की पुरे. ती फळी नीटनेटकेपणासाठी लावली असेल, पण मी तिला वर्कशॉपमधलं सर्वांत मोलाचं सुरक्षा साधन मानतो. आणि ती कामाला येते ती आदल्या बॅचने हत्यारं परत टांगली असतील तरच.

मुलांना मी नेहमी एक गणित फळ्यावर मांडून पाहायला सांगतो. जॉबचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण १५७ मिलिमीटर. लेथ मिनिटाला ६०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला १०. बाहीचं टोक त्यात सापडलं तर एका सेकंदात दीड मीटरहून जास्त कापड गुंडाळलं जाईल. काहीतरी बिनसलंय हे डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ३९ सेंटिमीटर बाही आत गेलेली असते, म्हणजे मनगटापासून कोपराच्या पुढे. ‘मी लगेच हात मागे घेईन’ म्हणणाऱ्या मुलाला रागवायची गरजच नाही. हे गणित त्याने स्वतः करायचं.

हे आकडे एकदा मनात बसले की बाकीचे नियम आपोआप कळतात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या किंवा मनगटाशी घट्ट बटण लावलेल्या. ओढणी बाहेर, वेणी टोपीच्या आत. अंगठी, कडं, घड्याळ खिशात. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्याने किंवा त्याला तेल देणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत अशी तरतूद होती. श्रावणात राख्यांचा प्रश्न येतो. बहिणीने बांधलेली राखी काढायची म्हणजे मुलाच्या जिवावर येतं, आणि ते मी समजू शकतो. तिथे निदेशकाने आवाज चढवू नये. राखी सोडून खिशात ठेव, तास संपला की मित्राकडून पुन्हा बांधून घे, एवढं सांगावं. आणि ओळखपत्राची नाडी! तीन तास गळ्यात लोंबणारी ती पट्टी संस्थेनेच सक्तीची केलेली असते. वर्कशॉपच्या दारात तिच्यासाठी एक खिळ्यांची पट्टी ठोकायला काहीच खर्च येत नाही.

हातमोज्यांबद्दल मात्र पालकांनाही सांगावं लागतं. काळजीपोटी कुणीतरी मुलाला चांगले जाड मोजे घेऊन देतं. फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथजवळ मोजा म्हणजे बोटांना बांधलेलं कापड. चिपा हाताने काढायच्याच नाहीत, त्यासाठी ब्रश आणि हूक आहेत. फुंकरही मारायची नाही. उडालेली चिप आपल्याच डोळ्यात येते.

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पदवीच्या अखेरच्या वर्षातली एक विद्यार्थिनी रात्री उशिरा वर्कशॉपमध्ये एकटी लेथवर काम करत होती. तिचे केस यंत्रात अडकले आणि ती गेली. हुशार, अनुभवी मुलगी होती. तिच्या शेजारी स्विच बंद करणारं कुणी नव्हतं. ही गोष्ट वाचल्यापासून ‘एकट्याने यंत्र चालवायचं नाही’ हा नियम मी कधीच सैल होऊ देत नाही.

आपल्याकडे बहुधा उलटी अडचण असते. लेथ थोड्या आणि बॅच मोठी, म्हणून एका लेथभोवती चार-पाच जण. एकाचा हात चकमध्ये, तो व्हर्नियरने माप घेतोय. दुसरा मदत म्हणून स्टार्ट दाबतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. म्हणून यंत्र एका वेळी एकाचंच. ज्याच्या हातात चावी, त्याच्याच हातात स्विच. बाकीच्यांनी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभं राहून पाहायचं आणि लाल बटण कुठे आहे ते लक्षात ठेवायचं.

ट्यूबलाइटची एक गंमत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्यावर विचार करत होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल तर सेकंदाला २५ फेरे झाले. म्हणजे प्रत्येक उजळणीमागे बरोबर पाव फेरा. प्रत्येक वेळी एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा आलेला असतो, आणि फिरता चक डोळ्यांना स्थिर भासू शकतो. गोंगाटाच्या हॉलमध्ये शेजारच्या मोटरींमुळे कानही खात्री देत नाहीत. यावर उपाय जुनाच आहे: लगतचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घ्यायचे आणि लेथवर स्वतंत्र दिवा लावायचा. पण विद्यार्थ्याने शिकायचं ते असं, की यंत्र थांबलंय हे नजरेने ठरवायचं नाही. स्विच बंद आहे का, ते हाताने पाहायचं.

वीज जाण्याचंही तसंच. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या गावांत लाइट गेली की मुलं हसत-बोलत बाहेर व्हरांड्यात येतात. चांगल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते, आणि वीज परत आली तरी यंत्र पुन्हा बटण दाबेपर्यंत सुरू होत नाही. साध्या स्विचवर चालणारं जुनं मशीन मात्र लाइट येताच आपोआप फिरू लागतं. म्हणून अंधार झाला की पहिलं काम स्विच बंद करण्याचं, मग गप्पा.

ग्राइंडरपाशी गॉगल हवाच. शिवाय चाक आणि टूलरेस्ट यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक रोज झिजतं, फट रोज वाढते, आणि एके दिवशी जॉब त्या फटीत ओढला जातो. ही फट कुणी आणि कधी मापायची? ग्राइंडर थांबल्यावर, याच पंधरा मिनिटांत. ड्रिलखाली पातळ पत्रा हाताने धरू नये, तो व्हाइसमध्येच धरावा. ड्रिल खालून बाहेर पडताना पत्र्याला पकडतं आणि तो हातातून सुटून गरगर फिरतो. फायली एकमेकींवर रचू नयेत, दात बोथट होतात, आणि बोथट फायलीवर हात जास्त जोर लावतो आणि तिथेच घसरतो.

पावसाळ्यात, त्यातून कोकणात, पुसायची राहिलेली लेथ रातोरात तांबूस होते. कूलंटमध्ये पाणीच जास्त असतं. ते बेडवर राहिलं की गंज ठरलेला. गंजलेल्या बेडवर कॅरेज अडखळते, अडखळणारी कॅरेज ढकलताना हात नको तिथे टेकतो. दसऱ्याला, खंडेनवमीला आपण यंत्रं धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतो. ती पूजा मला मनापासून आवडते. पण रात्री जेवणं उरकल्यावर आई जसा ओटा पुसून ठेवते, तसं रोज संध्याकाळी यंत्राचं आवरलं तर त्या माळेला खरा अर्थ येईल. उद्या सकाळी या लेथवर उभी राहणारी मुलगी आपल्या ओळखीची नसेल. तिच्यासाठी चावी फळीवर हवी, जमीन तेलाने निसरडी नको, टूलपोस्टवर अर्धवट आवळलेलं टूल नको.

किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. शिकवण्याच्या जागेतून कारखान्यापर्यंत जाणारी वाट महाराष्ट्राला जुनीच आहे. आज पहिल्या वर्षाला असलेली मुलं उद्या चाकणला, भोसरीला, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला मशीनवर उभी राहतील, काही जण स्वतःची शेड टाकतील आणि तिथे दुसऱ्यांची मुलं कामाला ठेवतील. विद्यार्थीदशेत लागलेली सवय तिथवर जाणार आहे.

म्हणून प्राचार्यांना, विभागप्रमुखांना आणि निदेशकांना माझी विनंती आहे. जॉबला गुण असतात, जर्नलला असतात, तोंडी परीक्षेला असतात. लेथ कोणत्या अवस्थेत सोडली, यालाही गुण ठेवा. आणि येत्या सत्राच्या वेळापत्रकात शेवटची पंधरा मिनिटं आवरण्यासाठी म्हणून छापून घ्या.