फिरंगी

आमच्या गावात मला फिरंगी म्हणतात. तोंडावर नाही. पण पारावर बसलेल्या तात्यांना मी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "अप्पाचा फिरंगी निघाला बघ तळ्यावर." तेव्हा माझ्या पायात क्रॉक्स होते, कानात इअरफोन होते आणि हातात माशांच्या खाद्याची बादली होती. त्यामुळे मी गप्प बसलो.

गाव मोडनिंबपासून आत, सीनेच्या बाजूला. म्हणजे जिल्हा माझाच. सोलापुरात वाढलो, तिथेच इंजिनिअरिंग केलं. पण जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला गाव म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आंबे आणि आज्जी. २०१९ मध्ये मला पुण्यात नोकरी लागली. त्याच वर्षी अप्पा रिटायर झाले आणि आईला घेऊन शेतावर राहायला गेले. २०२० च्या मार्चमध्ये मी लॅपटॉप आणि तीन टी-शर्ट घेऊन आठवडाभरासाठी आलो. लॉकडाऊन आला, गेला. ऑफिस उघडलं, आमची टीम मात्र रिमोटच राहिली. मग मीही राहिलो.

रोज कुणीतरी विचारायचं, "मग, कधी जाणार?" दुकानात, दूध डेअरीवर, देवळात. विचारण्यात वाईट काही नसायचं. गावाच्या हिशेबात मी पाहुणा होतो आणि पाहुण्याला हाच प्रश्न विचारतात. आत्या तर माझ्या लग्नाच्या बायोडेटात अजूनही "वास्तव्य: पुणे" लिहिते. "गावात राहतो म्हटलं तर स्थळं फोन उचलत नाहीत," असं तिचं म्हणणं. ते खरंही आहे.

माझे अमेरिकेच्या टीमबरोबरचे कॉल रात्री साडेबारा-एकपर्यंत चालतात. त्यानंतर झोप येत नाही. तेव्हा मी यूट्यूबवर थायलंडचे व्हिडिओ बघायचो. बँकॉक-पट्टायाचे नाही. थायलंडच्या ईशान्येला ईसान म्हणून भाग आहे. भातशेतीचा, तुलनेनं गरीब, बराचसा पावसावर अवलंबून. तिथल्या खेड्यांत युरोप-अमेरिकेतले कितीतरी लोक थाई बायकोच्या माहेरी स्थायिक झालेत. घराशेजारी तळं खणतात, मासे सोडतात, सकाळी खाद्य टाकतात, पाणी हिरवं झालं म्हणून डोकं धरून बसतात. साठीतला एखादा ब्रिटिश माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून पंप दुरुस्त करतोय आणि बांधावर सासरची मंडळी हसतायत. हे बघताना मला फार आपलंसं वाटायचं.

थाई लोक गोऱ्या परदेशी माणसाला "फरांग" म्हणतात. हा शब्द आणि आपला "फिरंगी" एकाच मुळातले. युरोपातल्या फ्रँक लोकांचं नाव अरबी-फारसीतून पूर्वेकडे आलं, आपल्याकडे फिरंगी झालं, तिकडे फरांग. हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच हसलो.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही. घर बांधतो तो, जमीन बायकोच्या नावावर. शिवाय लांब मुदतीच्या व्हिसावर राहायचं तर दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवावा लागतो. इथं सातबाऱ्यावर आज्जीचं आणि अप्पांचं नाव आहे, माझं नाही. आणि माझ्या कंपनीचाही दर तिमाहीला एक मेल येतो, ज्यात "रिमोट पॉलिसीचा आढावा" असे शब्द असतात. तो उघडताना माझ्या पोटात गोळा येतो.

आमचं तळं मात्र चिखलाचं नाही. ते शेततळं आहे, तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत प्लास्टिक अंथरलेलं. २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" योजना आली, तिच्यातून अप्पांनी नोकरीत असतानाच ते खणून घेतलं. पन्नास हजारांपर्यंत अनुदान होतं, वरचे पैसे पदरचे. तळं मूळ डाळिंबासाठी. पाऊस आणि कालव्याचं पाणी आलं की भरून ठेवायचं, उन्हाळ्यात ठिबकनं झाडांना द्यायचं. तळ्याला तारेचं कुंपण आहे आणि चारी बाजूंनी दोर सोडलेत. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही दोराशिवाय वर येऊ शकत नाही. शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आमच्याकडे दरवर्षी येतात.

त्यात मासे सोडायची कल्पना माझी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी रोहू, कटला आणि मृगळची दोन हजार बोटुकली आणली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मला हे आर्किटेक्चर फारच आवडलं. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथं अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी बीज नदीतूनच गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशांना पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यात प्रजनन करून दाखवलं. आज आमच्यासारख्या कोरडवाहू भागात प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून रोहू येतो, तो त्यामुळे.

बीज देणाऱ्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "गुंठ्याला शंभराच्या वर सोडू नका." आमचं तळं नऊ गुंठ्यांचं. मी एक्सेल उघडलं, मरतूक धरली, बाजारभाव धरला, आणि दुपटीहून जास्त सोडले.

आज्जी माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. मासे येणार हे कळल्यावर ती भांडली नाही, फक्त तळ्याकडं जायची बंद झाली. मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, "आज्जी, पांडुरंगाच्या कानात मासेच आहेत की." ती गोष्ट मला तिनंच लहानपणी सांगितली होती. एका कोळ्यानं देवाला मासे आणले, लोकांनी त्याला अडवलं, देवानं ते उचलून कानात घातले. आज्जी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "देवानं कानात घातली. इकायला न्हाई काढली."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

२०२४ चा उन्हाळा वाईट होता. उजनी जानेवारीतच मायनसमध्ये गेली होती. सोलापूर जिल्ह्यात "मायनस" हा शब्द शाळेतल्या गणितानं नाही, उजनीनं शिकवलाय. धरणाचा मृतसाठासुद्धा वापरायला काढला की आम्ही म्हणतो, उजनी मायनस. कालव्याची आशा संपली. तळ्यातलं पाणी अर्ध्यावर आलं. अप्पा एक दिवस काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "झाडं जगवायची का मासं, ते तू सांग." मी दोन्ही म्हणालो. त्यांनी झाडांचं पाणी एक दिवसाआड केलं. पानं गळायला लागली, पण त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी माझ्या परीनं सोय केली होती. ईएसपी३२ बोर्ड, पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर, पातळीसाठी एक सेन्सर, छोटं सोलर पॅनल. मोबाइलवर डॅशबोर्ड. पातळी घसरली किंवा पाणी तापलं की टेलिग्रामवर मेसेज. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा चांगला प्रोब महाग होता, म्हणून तो "फेज टू"मध्ये ठेवला. ऑफिसात "फेज टू" म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

जुलैत आषाढी झाली. आज्जी वारीहून परतली. मग सलग चार दिवस आभाळ भरून राहिलं. पाऊस नुसता भुरभुर. ढगाळ दिवसांत खाद्य थांबवायचं असतं, हे मला माहीत होतं. पण मासे सहा-सातशे ग्रॅमचे झाले होते आणि माझ्या एक्सेलमध्ये ऑक्टोबरपर्यंत किलो गाठायचा होता. शिवाय खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं हलतं, ते बघायला मला आवडायचं. शेंगदाणा पेंड आणि कोंडा मी रोजच्याएवढाच टाकत राहिलो.

पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला आई धारा काढायला उठली होती. तिनं मला हलवलं. "उठ रं, मासं समदं वर आल्यात."

मी आधी मोबाइल बघितला. तापमान ठीक, पातळी ठीक. डॅशबोर्ड हिरवा.

तळंही हिरवं होतं. अडचण तीच होती. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि रात्री स्वतःच वापरतं. ऊन नसेल तर दिवसाची कमाई कमी, रात्रीचा खर्च तेवढाच. वर न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं, तेही ऑक्सिजन ओढतं. सगळ्यात वाईट वेळ उजाडायच्या आधीची. रोज नेमका त्याच वेळी मी गाढ झोपेत असायचो. शेकडो तोंडं पाण्याच्या वर उघडझाप करत होती. आवाज येत होता, चुळबुळीसारखा. कडेला पांढरी पोटं तरंगायला लागली होती.

पंप लावून पाणी उपसून परत तळ्यात उडवायचं, एवढंच करता येतं. मी धावत मोटारीकडं गेलो. थ्री फेज नव्हती. शेतीची लाइट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात आमची पाळी दिवसाची, आणि यायला अजून तीन तास होते. प्रॉडक्शन बंद पडल्यावर करतो तसं मी फोनमध्ये नंबर शोधत बसलो. माझ्याकडं चार देशांतल्या लोकांचे नंबर होते, गावातले सहा.

तेवढ्यात आज्जी आली. वर्षभरात पहिल्यांदा. तिनं तळं बघितलं, मला बघितलं आणि ओरडली, "बघत काय बसलायस? पानी हलीव की!" तिनं आईकडून बादली घेतली आणि मला दिली. दोराला धरून मी खाली वाकून पाणी भरायचो, वर ओढून जमेल तेवढ्या उंचावरून फेकायचो. आई दुसऱ्या बाजूला. अप्पांनी तात्यांना हाक मारली. तात्या वीस मिनिटांत ट्रॅक्टरवर डिझेल इंजिन टाकून आले, बनियनवरच. पाइप जोडला, तोंड आभाळाकडं करून बांधलं. साडेसहाला पाणी कारंज्यासारखं पडायला लागलं. आठच्या सुमारास मासे हळूहळू खाली गेले.

मेलेले आम्ही मोजले. ३४०. बांधाच्या पलीकडं खड्डा खणून चुना टाकून पुरले. आज्जी खड्ड्याजवळ उभी होती. मला वाटलं ती काही बोलेल. तिनं पदरानं नाक झाकलं होतं आणि ओठ हलत होते, नामस्मरण चालू होतं. घरी येऊन तिनं अंघोळ केली आणि दुपारपर्यंत जेवली नाही. मीही नाही. दोन हजार सोडायचा आकडा माझा होता, खाद्याची बादली माझ्या हातात होती. हे एखाद्या बगवर ढकलता येत नव्हतं.

तात्यांना डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर ते रागावले. "व्यापारी हाय व्हय मी?" मग म्हणाले, "पहाटं उठत जा. मशिनीला काय कळतंय." मशिनीलाही कळलं असतं, प्रोब असता तर, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

त्यानंतर मी टीमला सांगून रात्रीचे दोन कॉल सोडले आणि पाचला उठायला लागलो. पहाटेची तळ्यावर येणारी माणसं मला पहिल्यांदाच भेटली. गवताला जाणाऱ्या बाया, डेअरीवर निघालेली पोरं. कुंपणावर खंड्या बसलेला असायचा, माझ्या आधी हजर. नोव्हेंबरमध्ये सीनेकाठच्या भोयांनी जाळं ओढून मासे काढले, टेंभुर्णीचा व्यापारी बर्फाचे क्रेट घेऊन आला. खर्च निघाला, वर थोडे उरले. त्यातून आज्जीला काही आणावं असं वाटलं, पण त्या पैशाचं तिनं घेतलं नसतं. मी पगारातून तिच्यासाठी शाल आणली. तिनं विचारलं, "पगाराचीच हाय न्हवं?"

दुसऱ्या वेळेला आठशेच बोटुकली सोडली.

जानेवारीत तो मेल आलाच. आढावा पूर्ण झाला होता. आठवड्यातून तीन दिवस पुण्यात, ऑफिसात. आता मी सोमवारी रात्री मोडनिंबहून एसटी पकडतो आणि गुरुवारी रात्री परततो. पुण्यात एका मित्राच्या हॉलमध्ये गादी आहे. परवा स्टँडवर तात्या भेटले. पिशवी बघून म्हणाले, "कधी येणार मग?" एसटी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांनी काय विचारलं.

मंगळवार ते गुरुवार पहाटेची फेरी अप्पा मारतात. ऑक्सिजनचा प्रोब मी अखेर घेतला, तो डॅशबोर्डवर आकडा दाखवतो. तरी सहा वाजता अप्पांचा फोन येतो. मी झोपेतच उचलतो.

"खाली हायत," ते म्हणतात, आणि ठेवतात.